वीस नंबरचा चौकोन

प्रेम ही विश्वातली सर्वांत गूढ शक्ती आहे. ते केव्हा, कुठे आणि कोणाच्या काळजात अंकुरेल हे आजवर एकाही ज्ञानी माणसाला छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. सुलक्षणाच्या बाबतीत मात्र पत्त्यासकट सांगता येतं. दौंडमध्ये, जानेवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास, उजव्या खांद्याच्या फळीखाली, चिकटपट्टीच्या वीस नंबरच्या चौकोनावर.

पट्टी चिकटवली होती आदल्या दिवशी, सोमवारी. त्वचेच्या डॉक्टरीणबाई पुण्याहून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीनच दिवस येत. त्यांचा दवाखाना औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. आतल्या खोलीत दोन स्टुलं आणि मध्ये एक हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे सुलक्षणा पाठमोरी बसली होती, पलीकडे कोणी पुरुष तसाच बसला होता, आणि ताईबाई नर्स दोघांच्या पाठींवर आळीपाळीने काम करत होत्या. ताईबाईंची नोकरी इतकी जुनी होती की त्या माणसं तोंडावरून ओळखत नसत, पुरळावरून ओळखत.

ॲलर्जी कशाची आहे हे शोधायचं तर पाठीवर वीस छोट्या वाट्या चिकटवतात. प्रत्येक वाटीत एकेक संशयित : निकेल, रबर, अत्तर, केसांचा कलप, गाजरगवत, दोन-चार औषधं. दोन दिवसांनी पट्टी काढून बघतात, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. जो चौकोन लाल होऊन फुगला, तो गुन्हेगार. पोलिसांचा तपासही थोडाफार असाच चालतो. फक्त तिथे पाठ संशयिताची असते.

“एक नंबरला नुसतं व्हॅसलीन हाय,” ताईबाईंनी सांगितलं. “त्यानं काय बी होत न्हाई. ते आपलं हजेरीपुरतं.”

“आमच्या खात्यात असले चौघं हायेत,” पडद्यापलीकडून आवाज आला. शांत, सपाट आवाज. गाडी उशिरा येत असल्याचं सांगावं तसा.

सुलक्षणा हसली. हसताना पाठ हलली आणि सात नंबर वाकडा बसला. ताईबाईंनी तिला झापलं. पण झापून घेतानाही तिच्या लक्षात आलं, की आपल्याला शेवटचं हसू कधी आलं होतं ते काही केल्या आठवत नाही...

ती कवठे येमाईची. वय अठ्ठावीस, बीएस्सी, कुरकुंभच्या एका औषध कंपनीत गोळ्यांच्या पॅकिंगवर तपासनीस. अकरा महिन्यांपूर्वी उजव्या बोटाला पॅकिंगच्या पत्र्याची कडा लागली. साधी चीर. तिच्याभोवती लाली आली, लाली मनगटावर चढली, मग दुसऱ्या हातावर, मग मानेवर. खाज अशी की कामावर हाताची घडी घालून उभं राहावं लागे. डॉक्टर तीन झाले. प्रत्येकाने आधीच्याची चिठ्ठी वाचून मान हलवली आणि स्वतःची लिहिली.

आणि माणसं सरकू लागली. कोणी वाईट वागलं नाही, हे सांगायला हवं. कॅन्टीनच्या बाकावर तिच्या शेजारी फक्त डबा ठेवला जाऊ लागला, माणूस बसेनासा झाला. “हे लागतं का गं?” असं मायेनेच विचारलं जाई. खोलीतल्या दोघी मैत्रिणींनी आधी आंघोळीचा मग वेगळा केला, मग बादली, आणि दिवाळीनंतर खोलीच वेगळी केली. जाताना दोघी रडल्यासुद्धा... दारात उभ्या राहून, लांबून. सुलक्षणा पांढरे सुती हातमोजे घालू लागली. संध्याकाळी ती कुकरशी बोलायची. कुकर निदान उत्तर द्यायचा, तेही तीनदा.

आता वीस नंबरच्या वाटीत तिच्या कंपनीतल्या गोळीचा भुगा होता. सुरक्षा अधिकाऱ्याने सह्या घेऊन दिलेला, एवढासा. वडिलांनी, म्हणजे साहेबराव आबांनी, फोनवर एका वाक्यात निकाल लावला होता : कंपनीच्या औषधाचंच निघालं तर जिवाशी खेळ नको, सामान बांध आन् घरी ये. त्यांचं चुकत नव्हतं. पण त्या नोकरीसाठी ती वाडीवरून दोन वाहनं बदलून कॉलेजला गेली होती. गावात तिच्या आधी कोणत्याही मुलीने कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात घातलं नव्हतं. घरी परतायचं म्हणजे ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मान दाखवायची, आणि “आता बरंय का?” या प्रश्नाचं उत्तर जन्मभर द्यायचं. एकटेपण कुरकुंभलाही होतंच. पण ते तिच्या स्वतःच्या पगारातलं होतं.

“पट्टी भिजवायची न्हाई, घाम आणायचा न्हाई,” ताईबाई म्हणाल्या. “कोपरा उचकटला तर घरच्यांना दाबाया सांगा. निघाली तर सगळं फुकट. घरी कोण हाय?”

“बहीण हाय,” सुलक्षणा म्हणाली.

“आन् तुमच्या?”

“आई हाय,” पडद्यापलीकडचा आवाज म्हणाला.

मंगळवारी पहिली पाळी संपवून ती तीन वाजता खोलीवर आली आणि पाठीवर काहीतरी लोंबल्यासारखं वाटलं. कपाटाच्या आरशाकडे पाठ करून, हातात छोटा आरसा धरून पाहिलं, तर वीस नंबरचा कोपरा उचकटून कुत्र्याच्या कानासारखा उभा होता. बरोबर तोच. तिने डावा हात खांद्यावरून नेला, पोचला नाही. उजवा खालून नेला, चार बोटं कमी पडला. लाटणं वापरून पाहिलं. दाराच्या चौकटीला पाठ लावून दाबून पाहिलं, तर दुसराही कोपरा निघाला. माणसाला स्वतःचं सगळं करता येतं, असं ती मैत्रिणी गेल्यापासून म्हणत आली होती. पाठीचा विचार तिने केलाच नव्हता.

दहा मिनिटं ती तशीच पलंगाच्या कडेला बसून राहिली. शेजारणीला हाक मारावी, तर शेजारीण परवाच तिच्या दोरीवरचे कपडे पाहून आपली दोरी लांब सरकवून गेली होती. शेवटी सुलक्षणाने ओढणी घट्ट लपेटली, ताठ बसून जीपने दौंड गाठलं. डॉक्टरीणबाई नसतील, पण ताईबाई असतील, एवढीच आशा.

दवाखान्याला कुलूप होतं. जिन्याच्या खालच्या पायरीवर एक माणूस बसला होता. तिशी ओलांडलेला, सावळा, दाढी केलेली पण एका गालावर जरा विसरलेली. आणि इतका ताठ, की फोटो काढून घ्यायला बसलाय असं वाटावं.

“बंद हाय,” तो म्हणाला. “ताईबाई शिरूरला गेल्यात. लग्नाला.”

आवाज तिने लगेच ओळखला. “तुमच्या खात्यात चार व्हॅसलीन हायेत... ते तुम्हीच ना?”

त्याने मान वळवायच्या ऐवजी सगळं अंग वळवलं. “व्हय. आन् सात नंबर वाकडा झाला त्या तुम्ही.”

त्याचं नाव जॉन्सन. मूळचा शिरूरचा, मिशनच्या शाळेमागच्या आळीतला; आता रेल्वेच्या सिग्नल खात्यात, राहायला दौंडच्या रेल्वे कॉलनीत. दोन वर्षांपासून त्याच्या अंगाला खाज होती. सकाळी सिग्नलच्या खांबावर चढावं लागलं, घाम आला, आणि डावी पट्टी अख्खी सुटत आली. ताईबाईंनी घाम आणू नका म्हणून सांगितलं होतं, याची सुलक्षणाने आठवण करून दिली.

“गाडी उभी होती ओ,” तो म्हणाला. “तिला काय सांगू, माझ्या पाठीवर तपास चालू हाय म्हणून?”

ती पुन्हा हसली. मग पुढचा प्रश्न दोघांच्याही डोक्यात एकदमच आला. विचारला तिने.

“पण तुमची आई... हाय ना घरी?”

जॉन्सन समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. “आई गेली. दोन वर्षं झाली. काल तोंडातनं आलं, हाय म्हणून. कुणी विचारतच न्हाई ना रोज... त्यामुळं उत्तर बदलायचं राहून गेलं.” मग त्याने विचारलं, “तुमची बहीण?”

“मला बहीणच न्हाई.”

त्याने यावर गांभीर्याने विचार केला. “म्हंजी माझ्यापेक्षा तुमचं खोटं मोठं.”

समोर भाजीची गाडी होती. गाडीवरची बाई मेथी निवडता निवडता एक डोळा इकडे ठेवून होती. भर रस्त्यात, भर उजेडात, दोन अनोळखी माणसं शेजारी ताठ बसलेली, आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी : कोणीतरी पाठीवर हात ठेवणारं. जगात याहून अवघड मागण्या असतील, पण त्यांच्यासाठी निदान अर्ज तरी असतात.

“कुठला चौकोन?” त्याने विचारलं.

“वीस. तोच महत्त्वाचा हाय.” आणि मग, का कुणास ठाऊक, तिने त्याला सगळं सांगितलं. कंपनीचा भुगा, वडिलांचा फोन, बुधवार, शुक्रवार. त्याने मध्ये एकदाही “अरेरे” केलं नाही. सांगून झाल्यावर तो उभा राहिला आणि पँटला हात पुसले.

“मी... दाबू का? ओढणीवरनंच.”

सुलक्षणाने घाईघाईने सांगून टाकलं, अकरा महिने पाठ झालेलं वाक्य : “हे कुणाला लागत न्हाई. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलंय. दाखवू का कागद?”

“मी कुठं विचारलं?”

“सगळे विचारतात.”

“मी चौकोनाचं विचारतोय,” जॉन्सन म्हणाला. “कुठं दाबू?”

तिने पाठ वळवली. “उजवीकडं... अजून खाली... हां.”

त्याचा तळवा टेकला. सुती ड्रेस आणि ओढणी यांच्यावरून, सपाट, न हलणारा. जानेवारीतल्या उतरत्या उन्हात तो हात गरम होता. जॉन्सन तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होता — अर्धं मिनिट दाबायचं, असा ताईबाईंचा नियम. अकरा महिन्यांत सुलक्षणाला कोणी हात लावला नव्हता. जीपमधले धक्के ती धरत नसे, आणि डॉक्टरांनी लावला तो रबरी मोज्यातून. पाठीवरचा हात काही मागत नव्हता, काही तपासत नव्हता. नुसता होता. ती भाजीच्या गाडीकडे टक लावून बघत राहिली. मेथी, चार पेंड्या. शेपू, तीन. रडू आवरायला शेपू फार उपयोगी पडतो.

“साठ,” तो म्हणाला.

“तीस होते ना?”

“महत्त्वाचा हाय म्हणालात.”

मग तिची पाळी. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. मोजा घालून पट्टी नीट बसेना. मोजा काढावा, तर आत ते लाल, भेगाळलेलं, कोणालाही न दाखवलेलं. तो तर पाठ करूनच उभा होता. तिने मोजा काढला. पाठमोऱ्या माणसाचा हा मोठा फायदा असतो. आपल्याकडे ज्याला पाहवणार नाही असं वाटतं, त्याच्याही पाठीवर हात ठेवता येतो. शर्टाखाली त्याच्या खांद्याचं हाड लागलं. माणूस स्वतःपुरतं रांधून खातो हे हाडावरून कळतं. तिनेही साठपर्यंत मोजलं. नंतरही हात काढायचं तिला सुचलं नाही, आणि संपलं का म्हणून त्यानेही विचारलं नाही.

बुधवारी पट्ट्या निघाल्या. पडद्याच्या अलीकडे ती, पलीकडे तो. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर बराच वेळ दिवा धरला. एकोणीस चौकोन कोरे होते. वीस नंबर जरा लालसर होता.

“कंपनीचाच का?” तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्यात काही सांगता येणार नाही. भुग्याने नुसती चुणचुणही झालेली असू शकते, ती दोन दिवसांत विरते. खरी ॲलर्जी असेल तर वाढते. शुक्रवारी बघू.

पडद्यापलीकडे स्टूल करकरलं. “मॅडम,” जॉन्सनचा आवाज आला, “ते मी दाबलं होतं. साठ सेकंद. जास्त झालं असणार. लाल झालं ते माझ्यामुळं... कागदावर तसं लिहा.”

ताईबाईंनी कापूस ठेवला, पडद्याच्या या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. “बहीण म्हणाली होतीस न्हवं गं तू?” एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंची पाटी पुण्यातही असल्यामुळे त्यांना कसलंच आश्चर्य वाटत नसे. दाबल्याने ॲलर्जी होत नाही, असं त्यांनी पडद्याला उद्देशून सांगितलं.

गुरुवार सुलक्षणाने पाळीवर काढला. पॅकिंगच्या पट्ट्यावरून गोळ्या सरकत होत्या, आणि आपण त्यांचा निरोप घेतोय की त्या आपला, हे तिला कळेना. वडिलांचा फोन आला. बोलणं नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत संपलं. त्यात त्यांनी पिशव्या किती लागतील ते विचारलं. ती हो हो म्हणाली. संध्याकाळी आरसे घेऊन तिने वीस नंबर पाहायचा प्रयत्न केला, पण आरशातली पाठ दुसऱ्याच कोणाची वाटत होती. खोली इतकी गप्प होती की कुकरला हाक मारायचीही इच्छा झाली नाही. त्या रात्रीपुरतं तिला एकच माणूस आठवत राहिला, आणि त्याचा तर नंबरही तिच्याकडे नव्हता.

शुक्रवारी दिवा पुन्हा पाठीवर आला. मग डॉक्टरीणबाई “हं” म्हणाल्या. डॉक्टरांच्या “हं”मध्ये माणसाचं आयुष्य टांगलेलं असतं आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

“वीस नंबर गेला. साफ. कंपनीचा काही संबंध नाही. सात नंबर बघा ताईबाई, कसा फुगलाय. निओमायसिन. हे औषध असतं कशात, माहीत आहे? जखमेवरच्या मलमात. तुम्ही कुठलं मलम लावता?”

सुलक्षणाने पर्समधून ट्यूब काढली. बोट कापलं त्या दिवशी दुकानातून आणलेलं तेच मलम; ट्यूब संपली की नवी. चिठ्ठ्या बदलल्या, डॉक्टर बदलले, ते मात्र ती रोज लावत होती; सकाळी एकदा आणि संध्याकाळी दोनदा. आधाराला तेवढंच होतं. ट्यूबवर बारीक अक्षरात ते नाव छापलेलं होतं. पॅकिंगवरची बारीक अक्षरं तपासण्याचाच तिला पगार मिळत असे.

“बोटाची चीर चार दिवसांत बरी झाली असती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पुढचे अकरा महिने तुम्ही मलमाने झालेल्या पुरळावर मलम लावत होतात. हे बंद. मी दुसरं देते, महिन्याभरात हात स्वच्छ होतील. आणि हे नाव लिहून जवळ ठेवा, आयुष्यभर कोणत्याही डॉक्टरला आधी दाखवायचं.”

ती कपडे सावरून बसली. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आनंद सांगायला माणूस लागतो, आणि तो पडद्यापलीकडे पाठ करून बसला होता.

त्याच्या पाठीवर काहीच निघालं नव्हतं. वीसच्या वीस चौकोन कोरे. डॉक्टरीणबाईंनी विचार करून विचारलं, “आंघोळीला साबण कुठला?”

“निळी वडी,” जॉन्सन म्हणाला.

“ती कपड्यांची असते.”

“आई आणायची साबण,” तो म्हणाला. “दोन हुते, येवढं माहीत हाय. ती गेल्यावर मी एकच आणाया लागलो. दुसरा कुठला... ध्यानातच आलं न्हाई.”

अलीकडे सुलक्षणाने मोजे काढून पर्समध्ये टाकले. ते का काढले, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

दोघं बरोबरच बाहेर आली. जिन्याच्या वर, दवाखान्याच्या दारात, ती थांबली आणि तोही थांबला. खाली स्टेशनवर कुठल्या तरी गाडीची घोषणा चालली होती.

“बरं झालं,” जॉन्सन म्हणाला. “तुमचं कामाचं. मी काल चर्चमधी... म्हंजी सहज गेलो होतो. वीस नंबरचं सांगून आलो.”

“तुमचं पण बरं झालं.”

“माझं कुठलं? मला वाटत होतं एखादा तरी चौकोन निघंल. गाजरगवत निघालं असतं तरी चाललं असतं. पुढची तारीख मिळाली असती.” तो भिंतीकडे बघत बोलत होता, पाठमोरं बोलायची सवय लागल्यासारखा. “आता सोमवार न्हाई, बुधवार न्हाई... सुलक्षणाबाई, मी सिग्नलचा माणूस हाय. सेकंद चुकत न्हाई माझा. पण मंगळवारी तुम्ही पाठीवर हात ठेवला, तवा मी मोजायचंच विसरलो. तुम्ही हात काढल्यावर कळलं, की घरी मी नुसता राहतोय... जगत न्हाई. तुम्ही हो म्हणा, न्हाई म्हणा. पण तुमच्या पाठीला काय झालं तर विचाराया कुणी तरी हाय, येवढं ध्यानात असू द्या.”

सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. या वेळी समोर शेपू नव्हता.

“तुम्ही चर्चला जाता,” ती हळूच म्हणाली. “आम्ही विहारात. आमच्या आबांना सांगावं लागंल.”

“मी येतो कवठ्याला. सांगतो.”

“आबा दोन मिनटांच्या वर बोलत न्हाईत.”

“मला दीड पुरंल.”

ती हसली... आणि हसता हसता तिने आपला उघडा, लाल, भेगाळलेला हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला, हळूच, काच घ्यावी तसा. त्याने खाली हातांकडे पाहिलं, मग वर तिच्याकडे पाहिलं, आणि त्याची नजर काही हलेना. ताईबाई आतून दाराच्या फटीशी आल्या आणि आल्या पावली मागे गेल्या.

“जॉन्सन,” ती म्हणाली. पहिल्यांदाच नुसतं नाव.

“काय?”

“एक मागू?”

“काय बी मागा.”

“तुम्ही मगापासनं माझ्या चपलेवर उभे हायात,” सुलक्षणा म्हणाली. “तेवढा पाय उचला.”